पाच पन्नासची गाडी

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे. लोक मला ‘क्लासिक’ म्हणतात. हा शब्द कानावर आला की मी सावध होते, कारण तो उच्चारणाऱ्या माणसाचा हात हमखास माझ्या बॉनेटवर येतो, डोळे पाणावतात आणि तो म्हणतो, “आमच्या वडिलांकडे हुबेहूब अशीच होती.” ज्या सोमवारची ही गोष्ट आहे, त्याच्या आदल्या दिवसापर्यंत हे वाक्य मी एकशे चौदा वेळा ऐकले होते. वडिलांनी पुढे तिचे काय केले, हे त्यांतल्या एकानेही सांगितले नाही. मला ठाऊक आहे काय केले ते. भंगारात घातली. पाणावलेल्या डोळ्यांची माणसे गाडीच्या बाबतीत फार निर्दय असतात.

माझे वय चव्वेचाळीस. कारखान्यात शनिवारी दुपारी, सुट्टीचा भोंगा व्हायला वीस मिनिटे उरली असताना माझी जुळणी संपली. माझे मागचे डावे दार ज्याने बसवले, त्याचे सगळे लक्ष त्या भोंग्याकडे होते. ते दार आजही दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही. तेव्हा माझ्या जन्माबद्दल कुणी मोठेपणाने बोलू लागले, की मला ते दार आठवते आणि हसू येते.

माझे पहिले मालक गुरांचे डॉक्टर होते. बेचाळीस वर्षे त्यांनी मला रोज चालवली. रोज म्हणजे रोज. कधी मागच्या सीटवर आजारी वासरू, कधी औषधांची खोकी, कधी दोन्ही. मला कधी कुणी पॉलिश केले नाही. रंग उडाला तेव्हा फाटकाला लावून उरलेला हिरवा रंग डॉक्टरांनी स्वतः ब्रशने मला फासला. ब्रशचे चार केस त्या रंगात कायमचे अडकून बसले. तळाचा पत्रा एके ठिकाणी गंजून भोक पडले, तेव्हा त्यांनी औषधाचा एक डबा कापून त्याचा पत्रा तिथे ठोकला.

पण मित्रांनो, डॉक्टरांचा एक नियम होता. ज्या भागाने एकदा दगा दिला, त्याला दुसरी संधी नाही. माझ्यात मुळात डायनॅमो होता. डायनॅमो म्हणजे बॅटरीत वीज भरणारे जुने यंत्र. गाडी पळत असते तोवर तो काम करतो. गाडी रांगेत उभी राहिली की साहेब बाहेर गेल्यावर कारकून बसतो तसा हातावर हात ठेवून बसतो. एका थंडीत, पावसाळी सकाळी त्याने डॉक्टरांना रस्त्यात सोडले. डॉक्टरांनी शिवी दिली नाही. खाली उतरले, बॉनेट उघडले आणि म्हणाले, “तुझी बदली.” त्याच आठवड्यात त्यांच्या नेहमीच्या मिस्त्रींनी डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवला, जो गाडी उभी असतानाही वीज भरतो. असेच करत एकेक भाग गेला. ठिणगी पाडणारे जुने पॉइंट गेले, तिथे एक लहानशी डबी आली. रेडिएटरवर विजेचा पंखा आला. डॉक्टरांचे कपाळ एकदा समोरच्या काचेवर आपटले, तेव्हापासून सीटला पट्टे आले. दिसायला मी दरिद्री झाले आणि पोटातून धडधाकट.

डॉक्टरांची नजर अधू झाली, तेव्हा त्यांनी मला एका दलालाच्या आवारात पाठवले. सोबत निरोप दिला की जो कुणी घेईल त्याने हिला याच मिस्त्रींकडे न्यावे. निरोप सांगून माणूस गेला. मी उभी राहिले आणि शेजारी पाहिले.

शेजारी एक लाल गाडी होती. माझ्याच कारखान्यातली, माझ्याच वर्षातली. अकरा वर्षे बंद खोलीत, मऊ कापडात गुंडाळून ठेवलेली. बंपर असा, की त्यात दलाल स्वतःचा भांग पाडत असे. अकरा वर्षांत ती कुठेही गेली नव्हती आणि या गोष्टीचा तिला कोण अभिमान. मी तिला एकदाच विचारले, की तू करतेस काय? ती म्हणाली, मी जपलेली आहे. त्यानंतर मी तिच्याशी बोलले नाही.

दुसऱ्याच सकाळी तिथे एक मुलगा आणि त्याची आई आली. मुलगा म्हणजे बेचाळिशीचा गृहस्थ. लोकांची घरे आणि दवाखाने सजवून देण्याचा त्याचा व्यवसाय. पडद्याचा रंग उशीशी आणि उशीचा भिंतीशी जुळवण्यात हयात गेली, आणि मनासारखी छटा न सापडल्यामुळे लग्नही राहून गेले, असे त्याची आईच सांगत असे. आई त्याला ‘राजे’ म्हणे. कौतुकाने नव्हे. नव्या गाड्या त्याला साबणाच्या वड्यांसारख्या दिसत. त्याला रोज वापरायला जुनी, देखणी गाडी हवी होती, आणि तो देखणी हा शब्द आधी म्हणाला होता.

त्याची आई तीस वर्षे बस डेपोत गाड्या सोडण्याचे काम करून निवृत्त झाली होती. डेपोत तिला सगळे घड्याळबाई म्हणत. आता तिचे मूत्रपिंड काम करीत नव्हते. दर सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी सकाळी साडेसहाला केंद्रावर जाऊन तिला चार तास यंत्राला जोडून घ्यावे लागे. ते यंत्र तिचे रक्त धुऊन परत देई. उशीर झाला की यंत्र दुसऱ्याला जाते, कारण बाहेर रांग असते. म्हणून तिची अट एकच होती. घरातून पाच पन्नासला निघायचे, सहा वीसला केंद्राच्या दारात. मग गाडी जुनी असो, नवी असो, तिला चाके किती आहेत हेसुद्धा ती विचारणार नव्हती.

दलालाने लाल गाडीचे कापड असे हळूच ओढले, की जणू आत झोपलेले बाळ आहे. राजे तिच्याभोवती तीन फेऱ्या फिरले. त्यांनी आतला वास घेतला. मग त्यांच्या तोंडून एक लांब सुस्कारा निघाला. असे सुस्कारे टाकणारी माणसे मी ओळखते. त्यांना गाडी नको असते, आरसा हवा असतो. दलाल सांगत होता की बाई, अकरा वर्षांत ही चार हजार किलोमीटरसुद्धा चाललेली नाही.

“अकरा वर्षं कुठे गेली नाही,” घड्याळबाई म्हणाल्या, “मग सोमवारी पाच पन्नासला कशी जाईल?”

आणि त्यांनी लाल गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवला. मित्रांनो, माझ्या आयुष्यात बॉनेटवर ठेवलेला तो पहिला शहाणा हात. बॉनेट कोमट होते. दलालाने तिला पहाटेच चालू करून तिचे आचके संपू दिले होते आणि मग कापड पांघरले होते, म्हणजे गिऱ्हाइकासमोर ती पहिल्या किल्लीत सुरू व्हावी. “हिला आम्ही येण्याआधीच उठवलीत,” बाई म्हणाल्या. दलाल बंपरमध्ये पाहून भांग नीट करू लागला.

मग त्या माझ्याकडे आल्या. माझे बॉनेट फरशीसारखे गार होते. त्यांनी मला चालू करायला सांगितले. मी दोनदा खोकले, तिसऱ्यांदा सुरू झाले आणि सुरू राहिले. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. मग वाकून त्यांनी आतल्या ब्रेक-क्लचच्या पायपट्ट्यांची रबरे पाहिली. ती झिजून गुळगुळीत झाली होती. त्यांनी विचारले की ही काल कुठे गेली होती? दलाल म्हणाला, काल नव्वद किलोमीटर चालून तर इथे आली.

“हीच,” बाई म्हणाल्या.

राजेंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. एखाद्याने पंचतारांकित दालनात जेवायला नेतो म्हणून सांगावे आणि रस्त्यावरच्या बाकावर बसवावे, तसा. पण आईच्या त्या ‘हीच’पुढे तीस वर्षे बसचालक बोलू शकले नव्हते, राजे काय बोलणार?

पुढच्या चौदा महिन्यांत मी एकशे सत्त्याऐंशी वेळा पाच पन्नासला निघाले आणि एकशे सत्त्याऐंशी वेळा सहा वीसला पोचले. डेपोत गाडीला तिच्या सुटण्याच्या वेळेने ओळखतात, म्हणून बाई मला ‘पाच पन्नास’ म्हणत. बसल्या की पट्टा लावत. त्यांच्या डाव्या हातात सुया टोचण्यासाठी तयार केलेली नस होती. त्या हाताने काही धरायचे नाही, काही उचलायचे नाही. पट्टा असल्यामुळे त्यांना धरावे लागत नसे. तो हात मांडीवर उताणा ठेवून त्या रस्ता पाहत बसत.

राजेंना मात्र माझी लाज वाटे. आईला सोडून ते कामाला जात, तेव्हा गिऱ्हाइकाच्या दारापासून दोन वळणे अलीकडे मला उभी करीत आणि कापडांच्या नमुन्यांची जाड पुस्तके काखेत मारून चालत जात. गिऱ्हाइकाला म्हणत, जरा पाय मोकळे केले. मी हे चौऱ्याहत्तर वेळा पाहिले आहे.

पंच्याहत्तराव्या वेळी एका दंतवैद्याने त्यांना माझ्यातून उतरताना पाहिले. राजे त्याचा दवाखाना सजवत होते. हा दंतवैद्य जुन्या मोटारींच्या शौकीन मंडळाचा अध्यक्ष होता. त्याच्याकडे तेरा गाड्या होत्या, आणि मंडळाच्या संचलनाला त्या तेराही ट्रकवर चढून येत. ट्रकवरून आलेली गाडी ट्रकवरून उतरते, मैदानाला एक फेरी मारते आणि पुन्हा ट्रकवर चढते. याला ते ‘वारसा जपणे’ म्हणतात. तेरावी कोण होती म्हणता? तीच, लाल.

दंतवैद्याने माझे बॉनेट उघडले, खिशातून बारीक टॉर्च काढला आणि माझ्या पोटात असा डोकावला, की जणू मी तोंड उघडून बसले आहे. मग हळहळला. म्हणाला की गाडी चांगली आहे हो, पण कुणी तरी अडाण्याने हिच्यात भेसळ केली आहे. दिवसभर लोकांच्या तोंडात खोटे दात बसवणारा माणूस माझ्या अल्टरनेटरकडे पाहून नाक मुरडत होता. त्याने राजेंना पटवले की सगळे मूळचे भाग शोधून बसवले, मूळचा फिकट पिवळसर रंग दिला, तर मंडळाची ‘मूळ स्वरूप’ ही पाटी या गाडीला सहज मिळेल. राजेंच्या डोळ्यांत जो प्रकाश पडला, तो चौदा महिन्यांत माझ्या दिव्यांनीही पाडला नव्हता.

मला मिस्त्रींकडे नेले. मिस्त्री म्हणजे डॉक्टरांचेच जुने मिस्त्री. कमी बोलणारा, कानामागे पेन्सिल ठेवणारा माणूस. यादी लिहायला पेन्सिल काढून त्यांनी एवढेच विचारले, की साहेब, हिने तुम्हाला काही त्रास दिला का? राजे म्हणाले, त्रास नाही, पण ही खरी नाही. मिस्त्रींनी पेन्सिल कानामागे परत ठेवली. त्यांनी बाईंना फोन करून कळवले. बाईंनी मुलाला विचारले, तेव्हा राजे म्हणाले, “काही नवीन नाही गं आई. जे होतं तेच परत आणतोय.” खोटे बोलले असे म्हणता येणार नाही. बाई मिस्त्रींना एवढेच म्हणाल्या, की जे काढाल ते फेकू नका, माझ्या नावाने ठेवा. मिस्त्रींनी एक पोते आणले.

त्या पोत्यात अल्टरनेटर गेला. ठिणगीची डबी गेली, विजेचा पंखा गेला, पट्टे गेले. तळाला ठोकलेला औषधाच्या डब्याचा पत्राही गेला, कारण कारखान्याने काही मला औषधाचा डबा दिला नव्हता. त्या भोकावर मूळच्या विणीचा लोकरी गालिचा अंथरला. डायनॅमो कुठल्या तरी माळ्यावरून पैदा केला. चालकासमोरच्या पट्टीवर, म्हणजे डॅशबोर्डवर, बॅटरीत वीज भरत नसल्याची खूण करणारा एक लाल दिवा असतो. त्याची मूळची माणकासारखी काच मिळवायला राजेंनी तीन शहरे पालथी घातली. या पाच आठवड्यांत बाई भाड्याच्या गाड्यांनी गेल्या आणि तीनदा उशिरा पोचल्या. तिन्ही वेळा यंत्र थोड्या वेळाने मिळाले, म्हणून राजेंनी ते मनावर घेतले नाही.

आता इथे मला माझ्याबद्दल सांगावे लागेल. आतापर्यंत मी दुसऱ्यांना नावे ठेवली. ते सोपे होते. रंग वाळून मी रस्त्यावर आले, तेव्हा एका दुकानाच्या मोठ्या काचेत मला एक फिकट पिवळसर, चकचकीत गाडी दिसली. मी वळून पाहिले, ती कुठली म्हणून. ती मी होते. मित्रांनो, मला फार बरे वाटले. पोटातून माझे अर्धे काळीज काढून पोत्यात भरले होते, आणि मी काचेत स्वतःला न्याहाळत होते. लाल गाडीला मी अकरा वर्षांबद्दल हिणवले. माझी अक्कल तर अकरा मिनिटांत गेली.

राजे आता मला गिऱ्हाइकाच्या दारातच उभी करू लागले.

पहिले काही आठवडे कोरडे गेले, सकाळी उजेडही लवकर होई, म्हणून डायनॅमोचे सोंग निभले. बाईंना मात्र पट्टा नव्हता. वळणावर त्या उजव्या हाताने दाराची मूठ धरत आणि डावा हात छातीशी घेत. आणि मला ‘पाच पन्नास’ म्हणायचे त्यांनी बंद केले.

मग थंडी आली, आणि एका रविवारी मंडळाचे संचलन. आम्ही चाळीस गाड्या मुंगीच्या पावलाने चाललो होतो. फोटोत शोभा यावी म्हणून अध्यक्षांनी सगळ्यांना भरदिवसा दिवे लावायला सांगितले. तीन तास दिवे चालू आणि चाल मुंगीची. म्हणजे बॅटरीतली वीज जात होती आणि डायनॅमो कारकुनासारखा बसून होता. लाल गाडीचे काय बिघडणार होते? ती ट्रकवर चढून घरी गेली. मला पितळेची तळहाताएवढी पाटी मिळाली. तिच्यावर कोरले होते: मूळ स्वरूप, प्रथम क्रमांक. राजेंनी ती चार स्क्रूंनी माझ्या समोरच्या पट्टीवर बसवली आणि पाच वेळा रुमालाने पुसली.

दुसऱ्या दिवशी सोमवार. यंत्राच्या रुग्णाला सोमवार सर्वांत जड असतो, कारण शुक्रवारनंतर मध्ये दोन पूर्ण दिवस जातात आणि अंगात पाणी साठते. बाईंचे पाय सुजून चपलेत मावत नव्हते. बाहेर अंधार आणि पावसाची भुरभुर. आम्ही पाच पन्नासला निघालो. दिवे चालू, वायपर चालू. पुलाच्या अलीकडे रस्त्याचे काम निघाले होते आणि वाहनांची रांग लागली होती. रांग हलेना. समोरच्या पट्टीवर लाल दिवा लागला.

राजे त्याच्याकडे कौतुकाने पाहून म्हणाले, “आई, बघ, काच काय सुंदर दिसतेय. हीच ती मूळची.”

“राजे,” बाई म्हणाल्या, “लाल दिवा सुंदर नसतो. तो काही तरी सांगत असतो.”

त्यांना बोलतानाच धाप लागत होती. वायपर आधी मंदावले, मग काचेच्या मधोमध थांबले. दिवे पिवळे पडले, मग तपकिरी. मग मी बंद पडले. राजेंनी किल्ली फिरवली. माझ्यातून एक ‘टक्’ आला, पुढच्या वेळी तोही नाही. तळातल्या भोकातून चाकाने उडवलेले पाणी आधीच आत आले होते, आणि तो मूळच्या विणीचा लोकरी गालिचा बाईंच्या सुजलेल्या पायांखाली भिजून लगदा झाला होता.

मागच्या गाड्यांतून तिघे उतरले. मला वाटले, ढकलायला आले. तिघांनीही फोटो काढले. एकाने जाता जाता सांगितले, की त्याच्या वडिलांकडे हुबेहूब अशीच होती. एकशे पंधरा.

राजे मऊ कातड्याचे बूट घालून चिखलात उतरले आणि एकटेच मला ढकलू लागले. मी जेमतेम चार पावले सरकले. सुरू होण्याइतकीही वीज माझ्यात उरली नव्हती. त्यांनी भाड्याच्या गाडीसाठी फोन लावले. पावसात एकही येईना. सहा वीस झाले. बाईंनी घड्याळ पाहिले, दार उघडले आणि पावसात खाली उतरल्या.

तीन वाहने मागे एक बस अडकली होती. बाई तिच्या दाराशी गेल्या आणि काचेवर टकटक केली. चालक मिशीवाला, पन्नाशीचा. त्याने बाईंना पाहिले आणि ओळखले. खिडकीची काच खाली करून तो काय म्हणाला, ते मला स्पष्ट ऐकू आले, कारण तेव्हा माझ्यात आवाज करण्यासारखे काहीच चालू नव्हते.

“बाई, बसथांबा सोडून मध्येच दार उघडलं तर रिपोर्ट होतो. माझा तुम्हीच केला होता.”

“दोनदा,” बाई म्हणाल्या. “बरोबरच केला होता.” मग त्यांनी श्वास घेतला. तो घ्यायला त्यांना थोडा वेळ लागला. “आज करणार नाही.”

दार उघडले. पुढच्या सीटवरची मुलगी उठली आणि बाई बसल्या. काही वेळाने रांग सरकली आणि बस माझ्या शेजारून पुढे गेली. राजे मला कडेला लावून, कुलूपसुद्धा न घालता, त्या बसच्या मागे धावत सुटले. दंतवैद्याच्या मंडळातले कुणी धावताना मी आजवर पाहिले नव्हते.

पुढचे मला नंतर कळले, ते दोघे माझ्यात बसून बोलले तेव्हा. बाई सात पंचविसला पोचल्या. यंत्र दुसऱ्याला गेले होते. दुपारच्या पाळीपर्यंत त्यांना प्राणवायूची नळी लावून खाटेवर बसवून ठेवले, कारण आडवे झाले की श्वास कोंडत होता. परिचारिकेने राजेंना बाजूला घेऊन सांगितले, की आणखी काही तास गेले असते तर आम्ही तुम्हाला दुसरीकडे न्यायला सांगितले असते, आणि तेही कितपत जमले असते कुणास ठाऊक. राजे सात तास खाटेशेजारी उभे होते. खुर्ची होती. बसले नाहीत.

दुपारी यंत्र सुरू झाल्यावर ते मला ओढून मिस्त्रींकडे घेऊन आले. बुटांचा चिखल वाळला होता. म्हणाले, “आधी होती तशी करा.”

मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढली. “आधीची म्हणजे कारखान्यातली, की डॉक्टरांची?”

राजे म्हणाले, “आईला पोचवत होती तशी.”

मिस्त्रींनी कोपऱ्यातले पोते उलटे केले. एकही भाग हरवला नव्हता. दोन दिवस आणि एक रात्र ते राबले. अल्टरनेटर बसला, डबी बसली, पंखा बसला, पट्टे आले. फक्त औषधाच्या डब्याचा पत्रा काढताना फाटला होता, आणि तळाचे भोक बुजवायला त्याच मापाचा पत्रा काही सापडेना. मिस्त्री इकडेतिकडे शोधू लागले. तेवढ्यात राजेंनी खिशातून नाणे काढले, माझ्या समोरच्या पट्टीवरच्या पाटीचे चारही स्क्रू त्याने फिरवून काढले आणि ती पितळी पाटी मिस्त्रींच्या हातात दिली. मिस्त्रींनी ती भोकावर धरून पाहिली. बेतशीर बसत होती. त्यांनी विचारले, कुठली बाजू वर?

“अक्षरं खाली,” राजे म्हणाले.

तेव्हापासून प्रथम क्रमांक रस्त्याकडे तोंड करून आहे आणि चिखल खातो आहे. रंग मात्र फिकट पिवळसरच राहिला. राजे तोही बदलायला निघाले होते. बाई म्हणाल्या, राहू दे, रंगाने कुणाचा खोळंबा होत नाही. मंडळाने मूळ स्वरूप बिघडवल्याबद्दल आमचे नाव यादीतून काढले. तशी चिठ्ठी आली, अध्यक्षांच्या सहीची. तिची घडी करून राजेंनी माझ्या मागच्या डाव्या दारात खोचली आहे. आता ते दार एकदाच आपटून लागते.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मोठेपणी जुनी गाडी घेईल. रोज वापरायला म्हणून घेईल आणि दुसऱ्याच आठवड्यात तिच्यावर कापड पांघरेल. माझी तुम्हाला विनंती आहे, गाडीवर प्रेम करू नका. ते करणारे मी पुष्कळ पाहिले. तिचे तेल बदला, पाणी पाहा, तिला रोज बाहेर काढा, आणि आधीच्या मालकाने तिच्यात जे घातले आहे ते काढण्यापूर्वी त्याने का घातले हे एकदा विचारा. बॉनेटवर हात ठेवायचाच असेल तर गाडी सुरू होण्याआधी ठेवा. आणि आमच्या वडिलांकडे अशीच होती, हे मला सांगू नका. आकडा एकशे तीसवर गेला आहे.

आज शुक्रवार. राजेंनी दार उघडून धरले आहे. बाई बसल्या, पट्टा लावला, डावा हात मांडीवर उताणा ठेवला, दोन्ही पाय पाटीवर टेकवले. मग घड्याळाकडे पाहून म्हणाल्या, “चल गं, पाच पन्नास.”

मी दोनदा खोकले. तिसऱ्यांदा सुरू झाले.